धोंड्याच्या महिन्यातली सहल

यंदा ज्येष्ठ दोन आहेत. एका ज्येष्ठानंच आमच्याकडे जीव नकोसा होतो, तिथं हा आणखी एक, अधिकाचा. वर्षाच्या सुरुवातीला नवी दिनदर्शिका भिंतीवर लावली तेव्हाच मी मे महिन्याचं पान वर करून पाहिलं होतं आणि पटकन खाली सोडलं होतं. मी शिकवते त्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "यंदा धोंडा सुट्टीत आला, मजा आहे तुमच्या साहेबांची." मी हसले. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. सासूनं बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तबकात अनारसे मांडून वर दिवा लावून ते वाण जावयाच्या हातात द्यायचं. ज्या घरात लेक एकुलती आणि म्हणून जावईही एकुलता, तिथं तर विचारायलाच नको.

ती एकुलती लेक मी. माझं माहेर वडनेर भोलजी, घाटाखाली. सासर आणि नोकरी चिखलीला, घाटावर. बुलडाणा जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा की घाटाखालचा हे ठरतं, मग बाकीची चौकशी. मे महिन्यात राजूर घाट उतरायला लागलं की गाडीच्या काचेतून अशी धग आत येते, की कुणी चुलीचं तोंड आपल्याकडे फिरवलंय. प्रशांत, म्हणजे माझे यजमान, दर वेळी म्हणतात, "आलं तुझं माहेर." मी दर वेळी चिडते. पण खरं सांगायचं तर ती धग तोंडावर आली की माझे खांदे आपोआप सैल पडायचे. पडायचे म्हणते, कारण हल्ली पडत नाहीत.

चैत्रातच मायचा फोन आला होता. "यंदा धोंडे हायत व. करू का? का पोराईले कुठं नेऊन राह्यले तुमी?" आवाजात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. पण कुठली आई लेकीला विचारते, धोंडे करू का म्हणून? आई सांगते. अमक्या तारखेला या, दोन दिवस राहा, जवाईबापूंना सुट्टी काढायला लावा. माझ्या मैत्रिणींच्या आया अजून असं दटावून सांगतात आणि मैत्रिणी वैतागतात. मला त्या वैतागाचा हेवा वाटतो. माझ्या मायला परवानगी मागायची सवय लागली आहे, आणि ती कुणी लावली हे मला चांगलं ठाऊक आहे.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. डावा तर पुरता पिकला आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की आता उशीर करू नका. बुलडाण्याला दवाखाना, तिथून चिखलीला आमच्या घरी येऊन थोडे दिवस राहायचं, डोळ्यांत थेंब घालायचे, चुलीपाशी जायचं नाही, एवढीच काय ती गोष्ट. पण माय यायला तयार नाही. म्हैस व्यायली आहे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कमी ऐकू येतं, त्यांना एकटं कसं सोडू. घाटावरची हवा सोसत नाही. हे शेवटचं कारण ती मे महिन्यातही सांगते. प्रशांत म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशनची भीती असते. मी मान डोलावते. मायला ऑपरेशनची भीती नाही. विंचू चावला तर त्या पायानं गोठा झाडणारी बाई ती. ती माझ्याबरोबर कुठं येत नाही, एवढंच. त्या सहलीपासून ती माझ्याबरोबर कुठंच आलेली नाही.

मागे एकदा धोंडा असाच भर उन्हाळ्यात, ज्येष्ठातच आला होता, त्या वर्षीची ती सहल. मधे आणखी दोन धोंडे येऊन गेले. एक टाळेबंदीत बुडाला आणि एक पावसाळ्यात, शाळा चालू असताना आला, तो घाईघाईत निभावून नेला. म्हणून यंदा ऊन आणि अनारसे पुन्हा एकत्र आले तसं मला सगळं नको इतकं स्पष्ट आठवायला लागलं आहे.

तनूची तेव्हा नुकतीच दुसरी संपली होती आणि ओम बालवाडीत होता. तनूच्या वर्गातल्या निम्म्या मुली सुट्टीत त्या पार्कात जाऊन आल्या होत्या. वडनेरहून हायवेनं दोनेक तास गेलं की लागतो तो. पाण्याच्या घसरगुंड्या, गुरगुरणारे डायनोसॉर, बर्फाची खोली, सगळं एका आवारात. त्याचं नाव घरात काढायचं नाही असा मी नियमच केला होता, कारण नाव निघालं की ओम जमिनीवर लोळण घ्यायचा. तनू लोळायची नाही. ती नुसतं सांगायची, "आई, श्रावणी म्हणते तिथं खोटा समुद्र आहे. भोंगा वाजला की लाटा येतात." आणि मग माझ्याकडे बघत राहायची. लोळणाऱ्या पोराला धपाटा घालता येतो. बघत राहणाऱ्या पोरीचं काय करायचं?

तर पार्कात न्यायचं ठरलं. प्रशांत कचेरीत कारकून. त्या महिन्यात साहेबांनी सुट्टीच्या दिवशीही कामाला बोलावलेलं, एकच रविवार मोकळा मिळत होता. आणि नेमका तोच रविवार मायनं धोंड्यासाठी धरून ठेवला होता. ती कितीतरी दिवसांपासून तयारीला लागली होती. तांदूळ भिजत घालून, रोज पाणी बदलून, कुटून, गुळात मळून अनारशाचं पीठ मुरवत ठेवलं होतं. रोज फोनवर त्या पिठाची खुशाली कळायची.

मी शिक्षिका. दोन तासांचा धडा एका तासात बसवायचा कसा हे आम्हाला बरोबर जमतं. मी मायला म्हटलं, "तूच चल न आमच्यासंगं. धोंडे तिथंच खाऊ. झाडाखाली सतरंजी टाकू, वाण बी तिथंच दे." माझ्या डोळ्यांपुढं बाग होती. मी जन्मभर जिथं जिथं सहलीला गेले तिथं झाड होतं, झाडाखाली सतरंजी होती आणि सतरंजीवर घरचे डबे होते. बाहेर जायचं म्हणजे डबा न्यायचा, याशिवाय दुसरं काही असू शकतं हे मला सुचलंच नाही. तिकिटं फोनवर काढली तेव्हा खाली बारीक अक्षरात नियम होते. मी मुलांना प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचायला लावते. मी त्या वाचल्या नाहीत.

मायनं विचारलं, "तिथं पाट असन का?"

"पाट घेऊन ये न घरून."

ती खरंच घेऊन आली. सकाळी आमची भाड्याची जीप वडनेरच्या फाट्यावर थांबली तेव्हा माय उभी होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं, एका हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला पाट, दुसऱ्या हातात मोठी पिशवी. पिशवीत तबक, निरांजन, तूप, वाती, काडेपेटी, कुंकवाचा करंडा, जावयासाठी टॉवेल-टोपी, पुरणाच्या धोंड्यांचा डबा आणि सगळ्यात वर, कापडात बांधलेले तेहतीस अनारसे. आबा तिला सोडायला आले होते. ते म्हणाले, "लग्नाले चालली का काय हे?" माय लाजली. जीपमध्ये ती ओमला मांडीवर घेऊन बसली आणि रस्ताभर त्याला विचारत राहिली, तिथं काय काय हाय, थो राक्षस चावते का, तू भेवशीन का. ओम सांगत होता आणि ती प्रत्येक गोष्टीला "हाव?" म्हणत होती. माय अख्ख्या जन्मात अशी कुठं फिरायला गेली नव्हती. देवाला गेली, लग्नाला गेली, दवाखान्यात गेली. नुसतं मजेला म्हणून ती पहिल्यांदा निघाली होती. हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

जीपवाल्याचे कुणी नातेवाईक जवळच्या गावात होते. आम्हाला उतरवून तो जो गेला तो संध्याकाळी येतो म्हणून.

पार्काच्या फाटकाला भली मोठी रांग होती. आतून पाण्याचा आवाज, गाण्यांचा धडधडाट, पोरांच्या किंकाळ्या. झाड म्हणाल तर बाहेर, गाड्या लावायच्या जागेपाशी एक लिंब, बाकी सगळं रंगवलेलं. आमची पाळी आली तेव्हा फाटकावरच्या माणसानं पिशव्या उघडायला सांगितल्या. मायची पिशवी बघून तो म्हणाला, "मावशी, बाहेरचं खाणं आत चालत नाही. तिकडं टेबलावर ठेवा, जाताना मिळेल."

"हे खाणं नाई बापा, वाण हाय," माय म्हणाली.

"काही असू द्या, नियम आहे. आणि काडेपेटी तर अजिबात नाही."

टेबलावर लोकांकडून काढून घेतलेल्या वस्तूंचा ढीग होता. वेफर्सची पाकिटं, अर्ध्या पिऊन झालेल्या बाटल्या, कुणाचा तरी उकडलेल्या अंड्यांचा डबा. मायनं तो ढीग नीट पाहिला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अंड्याच्या बाजूले जवायाचं वाण कसं ठेवू?" मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. तो माणूसही हसला, पण वाईट नाही. त्याचाही काही दोष नव्हता. त्याला दिवसभरात असे शंभर डबे अडवायचे होते.

तेव्हा प्रशांतनी एक गोष्ट केली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोक्यावर टाकला आणि बाजूच्या तिकीटखिडकीच्या पत्र्याच्या सावलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आई, तिथंच द्या न मग. पाच मिनिटांचं तर काम आहे." मायचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. ती लगेच रांगेतून बाजूला झाली, चादरीची गाठ सोडायला लागली. पाटाचा एक कोपरा बाहेरही आला.

आणि मी म्हणाले, "इथे? अगं, काय हे! सगळे बघताहेत. तमाशा नको."

मी मायशी जन्मभर घाटाखालचं बोलत आले. मले, तुले, काऊन, हाव. शाळेत, पालकसभेत, चिखलीच्या शेजारणींशी मी वेगळं बोलते, पण मायशी कधी नाही. त्या दिवशी त्या रांगेत, उन्हाळी टोप्या घातलेल्या, गॉगल लावलेल्या बायांसमोर मी तिच्याशी शाळेतल्या भाषेत बोलले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाट पुन्हा चादरीत गुंडाळला.

"तुमी जा," ती म्हणाली. "मले तसं बी पान्याचं भेव वाटते. मी बसते त्या लिंबाखाली. पोराईचा खोळंबा काऊन करता?"

प्रशांत म्हणाले, मी थांबतो. ओम रडायला लागला, बाबा पाहिजे. तनू बघत होती. मी म्हटलं, बरं, लवकर येतो आम्ही. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते मला नीट आठवतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

आता कुणी म्हणेल, मग दिवसभर आत तुमचं चित्त थाऱ्यावर नसेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं. मला मजा आली. खूप मजा आली. भाड्यानं घेतलेला तो नायलॉनचा झगा, पायाखालची गुळगुळीत थंड फरशी, पाण्याला येणारा औषधाचा वास. भोंगा वाजला आणि खरंच लाटा आल्या. तनू माझ्या गळ्यात हात टाकून ओरडत होती आणि मी तिच्यापेक्षा मोठ्यानं. उंच घसरगुंडीवरून खाली येताना मी डोळे मिटले आणि शाळा, घर, चिखली, वडनेर सगळं डोक्यातून निघून गेलं. बर्फाच्या खोलीत ओमचे दात वाजत होते, आणि बाहेर ज्येष्ठातलं ऊन रणरणत होतं, या गमतीवर आम्ही चौघं पोट धरून हसलो. लग्नानंतर प्रशांतना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. तिथल्या माणसानं आमचा फोटो काढला. चौघंही निथळत, तोंडं उघडी, ओमचा एक डोळा मिटलेला. तो फोटो आज आमच्या बैठकीत आहे. आल्यागेल्याला आवडतो. "किती छान कुटुंब," असं म्हणतात, आणि मी चहा टाकायला आत जाते.

दुपारी आतल्या हॉटेलात बटाट्याच्या काड्या खाताना ओमनं विचारलं, "आजी काय खाईल?" मी म्हणाले, "तिला उपास आहे." हे खोटं नव्हतं. अधिकात माय एकच वेळ जेवते, आणि त्या दिवशी तर जावयाला वाण दिल्याशिवाय ती तोंडात काही घालणारच नव्हती. म्हणजे माझ्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. शिक्षकाला असं बोलता येतं.

मधे एकदा वाटलं, बाहेर जाऊन तिला चहा तरी द्यावा, निदान बघून यावं. पण फाटकावर पाटी होती, एकदा बाहेर गेलं की परत आत घेणार नाहीत. विनंती केली असती तर कदाचित घेतलंही असतं. मी विचारायला गेले नाही. त्यांनी हो म्हटलं असतं तर मला जावं लागलं असतं.

संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा माय लिंबाखालच्या दगडावर बसलेली होती. सावली फिरत गेली तशी तीही सरकत गेली असणार, कारण ती सकाळच्या जागेच्या पार पलीकडे होती. अनारशांचं गाठोडं तिच्या मांडीत होतं. वाण जमिनीवर ठेवत नाहीत. ओम धावत जाऊन तिला बिलगला, त्याचे केस अजून ओले होते, आणि ती विचारायला लागली, "राक्षस चावला का? भेवला का तू?" तिच्या आवाजात खरंच उत्सुकता होती. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पुरण आंबलं व." एवढंच. ते धोंडे तिनं परतीच्या वाटेवर एका गायीपुढं टाकले. अनारसे टिकले. दिवेलागणीला वडनेरला पोचल्यावर तिनं प्रशांतना पाटावर बसवलं, ओवाळलं, वाण हातात दिलं, टोपी घातली. काही राहिलं नाही. सगळं रीतसर झालं. म्हणून तर कुणाला त्याबद्दल काही बोलायची वेळच आली नाही.

आणि तेव्हापासून माय आमच्याबरोबर कुठं आली नाही. तनूच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं, म्हशीचं निघालं. कोकणात जायचं ठरलं, तिचंही नाव घातलं होतं, ऐनवेळी पाय दुखायला लागला. चिखलीच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा आली, पण शेजारणीबरोबर एसटीनं, आणि शेजारणीबरोबरच गेली. आमच्या गाडीत बस म्हटलं तर म्हणाली, "गाडीत मले मयमय होते." त्या दिवशी जीपमध्ये जाता-येता चार तास तिला काही झालं नव्हतं. मी कधी सरळ विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र तो दिवस उगाळत राहिले. फाटक, टेबल, अंड्यांचा डबा, तमाशा नको. रांगेत दुसऱ्या कुणाची म्हातारी आई अवघडलेली दिसली की मी तिला पुढं जागा द्यायचे. दरम्यान तिचे डोळे झाकोळत गेले, आणि ते मी फोनवरून ऐकत राहिले.

परवा आम्ही वडनेरला गेलो. मी मायला फोनवर दटावूनच सांगितलं होतं, "धोंडे कर, आमी दोन दिवस राहाले येऊन राह्यलो." तनू दहावीची परीक्षा देऊन बसली आहे, ओम माझ्या खांद्याला लागला आहे, दोघं कूलरसमोरची जागा धरून बसले. मायनं मधल्या घरात पाट मांडला. ओवाळताना तिनं कुंकवाचं बोट प्रशांतच्या कपाळाकडे नेलं आणि ते भुवईवर टेकलं. तिला कळलं नाही. प्रशांतनी ते पुसलं नाही, तसंच भुवईवर कुंकू घेऊन ते दिवसभर वावरले. मी मायची ओटी भरली. अधिकात लेकीनं आईची ओटी भरायची असते. तिचा पदर धरायला मी वाकले तेव्हा तिच्या डोळ्यांतला तो दुधट ठिपका मला अगदी जवळून दिसला.

दुपारी सगळे आडवे झाले. माय मागच्या ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली. निवडत कसली, बोटांनी चाचपत होती. मी ताट तिच्या हातातून घेतलं. तिनं बाजूला काढलेल्या डाळीत खडे तसेच होते. मी ते वेचायला लागले, आणि मान खाली होती म्हणूनच असेल, बोलून गेले.

"माय, त्या पार्काच्या टायमाले मी तुले दिवसभर भाईर बसवलं."

"तू काऊन बसवशीन? मीच बसली."

"तुले राग आला असन."

"आला न," माय म्हणाली.

मी वर पाहिलं. इतक्या वर्षांत मी हे संभाषण मनात कितीदा तरी केलं होतं, आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, छे व, राग काह्याचा. माझी पुढची सगळी वाक्यं त्या उत्तरावर बेतलेली होती.

"गेटाचं काई नाई," ती म्हणाली. "गेट त्याईचं, कायदा त्याईचा. तू म्हनली तमाशा नको, थे बी ठीक, लोकं हासून राह्यले व्हते. पर तुमी आत जाऊन राह्यले तं मी पाहून राह्यली व्हती. ओम्यानं हात हालवला. तनू वळली. जवाईबापू दोन डाव वळले. तुनं एक डाव बी मागं नाई पाह्यलं."

मी आठवायला लागले. टेबल आठवलं, तो माणूस आठवला, पाटाचा कोपरा आठवला. फाटकातून आत जाण्याची ती चार पावलं मात्र मला आठवतच नाहीत. त्यापुढचं एकदम पाणीच आठवतं. म्हणजे ती म्हणते ते खरं असणार. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला खात होते ती तिनं केव्हाच सोडून दिली होती, आणि जी तिला लागली होती ती मी केली हे मला माहीतही नव्हतं.

"मंग म्या ठरवलं," माय सांगत होती, अगदी शांतपणे, कुणाची तरी तब्येत सांगावी तसं. "घरी तू माही हायस. भाईर गेली का तू लोकाईची होते. काऊन जाव तुह्यासंगं?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि तिला ते दिसत होतं की नाही कोण जाणे. तिनं माझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. तिचा राग होता, तो तिनं मला दिला, आणि तो घेऊन मी बसले होते. आतून कूलरची घरघर येत होती. मी नाक पुसलं आणि विचारलं, "डोयाचं काय करतं मंग?"

ती म्हणाली, "किती टाइम लागते थ्याले?"

"जास्त नाई. अर्धा घंटा."

"तुले आत येऊ देतीन का?"

मी हो म्हणू शकले असते. तिला धीर द्यायला म्हणून डॉक्टरसुद्धा तसं म्हणतात. पण मी म्हटलं, "नाई. आत तू एकटीच. मले भाईर बसा लागन."

तिनं हात पुढं केला, डाळीचं ताट माझ्याकडून परत घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"मंग बसजो," माय म्हणाली. "मी आत जातानी मागं वळून पाहीन."